दुसऱ्या खोलीतला पलंग

माझ्या धाकट्या भावाला सगळे सुतळी म्हणतात. कंपनीतले म्हणतात, गल्लीतले म्हणतात, मीही म्हणते, आणि माझी लेक तर लहानपणापासून त्याला सुतळीमामाच म्हणते. घरसामान हलवणाऱ्या कंपनीत तो विशीत लागला, तेव्हापासून त्याच्या खिशात सुतळीचा एक गुंडा असतो. आता चिकटपट्ट्या आल्या, फुग्याफुग्यांचं प्लास्टिक आलं, पण ह्याचा त्यांच्यावर विश्वास नाही. कपाटाला पट्टी लावून झाली की वरून हा आपली सुतळी आवळणारच. माणूसच तसा आहे. काही हलू नये, काही सांडू नये, कुणाच्या नजरेत येऊ नये, ह्यातच त्याचं निम्मं आयुष्य गेलं.

उंच आहे, पण पाठीने दगा दिल्यापासून थोडा वाकलाय. लोकांची कपाटं आणि फ्रिज पाठीवरून जिने चढवल्यावर दुसरं काय होणार. पन्नाशी उलटली तरी मुकादम झाला नाही, कारण मुकादमाला ओरडावं लागतं आणि ह्याच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे दात काढण्याइतकं अवघड. संध्याकाळी माझ्याकडे आला की खुर्ची सोडून जमिनीवर, भिंतीला पाठ टेकून बसतो आणि डोळे मिटतो. मी चहा ठेवते. आमचं बहुतेक बोलणं असंच होतं, म्हणजे मी बोलते.

त्यांच्या कामात एक पद्धत आहे. एक कुटुंब एका घरातून दुसऱ्या घरात जात असेल तर सगळ्या खोक्यांवर एकाच रंगाची पट्टी. घर फुटत असेल, नवरा एकीकडे आणि बायको दुसरीकडे निघाली असेल, तर दोन रंग. लाल खोकी एका पत्त्यावर, निळी दुसऱ्या पत्त्यावर. दोन रंगांची घरं आत पाऊल टाकल्याटाकल्या ओळखू येतात असं सुतळी म्हणतो. न्हाणीघरात दोन टूथपेस्ट, स्वयंपाकघरात साखरेचे दोन डबे, कपाटाच्या चाव्या वेगवेगळ्या खिळ्यांना. ती माणसं आम्ही यायच्या आधीच वेगळी झालेली असतात, आम्ही नुसतं उचलतो, असं त्याचं म्हणणं.

आणि गंमत बघा, त्याच्या स्वतःच्या घरात पहिल्या दिवसापासून सगळं दोन-दोन होतं. दोन खोल्या, दोन पलंग, दोन कपाटं, दोन टॉवेल दोन वेगळ्या दोऱ्यांवर. कारण त्या घरात सुतळी आणि चष्मेवाला राहत होते, आणि लोकांना ते दोन मित्र वाटायला हवे होते.

चष्मेवाल्याचं भिंगं घासायचं आणि चष्मे बसवायचं छोटं दुकान आहे. ते दुकान एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर हलवायचं काम सुतळीच्या कंपनीकडे आलं होतं. काचेची कपाटं, काचेचे ट्रे, सगळी काचच काच. सुतळीने ते सगळं एकट्याने बांधलं आणि एक टवकाही उडाला नाही. आठवड्याने चष्मेवाला कंपनीच्या दारात आभार मानायला आला. मग परत आला. मग कसले आभार मानायचे उरले नाहीत तरी येत राहिला. वर्षभरात दोघांनी मिळून घर घेतलं भाड्याने. तेव्हा सुतळीने मला येऊन सांगितलं होतं, "ताई, तो माझ्याबरोबर राहणार आहे. कायमचा." मी विचारलं, "त्याला तिखट चालतं का?" चालत नाही म्हणाला. तेवढ्यावर ते बोलणं संपलं, आणि त्यात काही राहून गेलं असं आम्हा दोघांनाही वाटलं नाही.

दुसऱ्या खोलीतला पलंग आईसाठी होता. म्हणजे आईच्या डोळ्यांसाठी. आई वर्षातून महिनाभर सुतळीकडे राहायला जायची. आता घरात खोल्या दोन, मग ती झोपणार कुठे? चष्मेवाल्याच्या म्हणवल्या जाणाऱ्या खोलीत. आणि मग चष्मेवाला बिचारा महिनाभर सुतळीच्या खोलीत. आईचा जीव तिळतिळ तुटायचा. माझ्यामुळे परक्या पोराची गैरसोय होते, म्हणायची, आणि त्याची समजूत काढायला स्वतःच्या हाताने त्याच्या पानात वाढायची. चष्मेवाला मान खाली घालून जेवायचा. वर आई त्याच्यासाठी मुली बघायची. एकदा तर तिने एका ओळखीच्या शिक्षिकेला चष्म्याचा नंबर काढायच्या निमित्ताने दुकानात धाडलं. नंबर निघाला, लग्न काही निघालं नाही.

आई जाऊन तीन वर्षं झाली. पलंग मात्र तसाच. सुतळी दर आठवड्याला त्याच्यावरची चादर बदलायचा. आता कुणासाठी, असं चष्मेवाल्याने विचारलं की हा म्हणायचा, घरमालक येतो, कंपनीतले येतात, भाऊजी येतात. भाऊजी म्हणजे आमचे हे. एकदा काढू तो पलंग, चष्मेवाला म्हणायचा. हा म्हणायचा, बघू.

आता आमच्याबद्दल. आमचं लग्न छत्तीस वर्षं टिकलंय. टिकलंय म्हणजे काय, तर दोघं जिवंत आहोत आणि पत्ता एक आहे. हे वीजखात्यात कारकून होते, आता निवृत्त. मधली काही वर्षं अशी गेली की आम्ही एकमेकांशी 'जेवायला या' आणि 'दिवा मालव' ह्यापलीकडे काही बोललो असू असं मला आठवत नाही. ह्यांचा स्वभाव वाईट नाही. माझा आहे थोडा. पण तुमचं टिकेल का हो, असं कुणी आम्हाला एकदाही विचारलं नाही. टिकणार हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं, आणि आम्हीही त्यांच्यातलेच.

माझ्या लेकीचं लग्न चार वर्षांत मोडलं. मोडलं, पण वाजतगाजत मोडलं. चुलते आले, मावश्या आल्या, व्याह्यांकडे बैठका झाल्या. हे इस्त्रीचा सदरा घालून तीन वेळा जावयाच्या दारात गेले, आणि ह्यांना कुणाच्या दारात जायचं म्हणजे किती जिवावर येतं ते मला माहीत आहे. मावशीने फोनवर रडून घेतलं. ज्यांनी लग्नात मानपानावरून तोंडं फिरवली होती तीही माणसं आली, बसली, सुस्कारे टाकून गेली. काही उपयोग झाला नाही. शेवटी सामान हलवायला सुतळीमामाच आला. लेक आणि तिचा नवरा दोघंही समोर उभी होती आणि प्रत्येक वस्तूवर म्हणत होती, माझी. कुकर माझा, दिवा माझा, पायपुसणंसुद्धा माझं. सुतळी लाल पट्ट्या आणि निळ्या पट्ट्या लावत राहिला. त्या संध्याकाळी तो माझ्याकडे भिंतीला टेकून बसला तेव्हा मी त्याला चहाबरोबर जेवायलाही वाढलं.

त्याच रात्रीच्या जेवणात वर्तमानपत्राचा विषय निघाला. ह्यांना काहीही छापलेलं आकडेवारीसकट वाचून दाखवायची खोड आहे. कुठेतरी आलं होतं की बाया-बायांची आणि पुरुष-पुरुषांची घरं नवरा-बायकोच्या घरांइतकी टिकत नाहीत. लेक आधीच पेटलेली. ती म्हणाली, मी दुसरीकडे नेमकं उलट वाचलंय, आणि माझं काय टिकलं ते तर बघताच आहात. हे म्हणाले, छापलंय ते सांगतो. ती म्हणाली, छापतात काहीही. ताटं तशीच राहिली आणि दोघं हमरीतुमरीवर आली. मला माझ्याच घरात बसून उठून जावंसं वाटत होतं.

सुतळी घास चावत होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, "हे मोजतात कसं?"

सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं, कारण तो बोलला होता. त्याने पाण्याचा घोट घेतला आणि सांगितलं की लग्नाचं ठीक आहे, लागल्याची तारीख असते, मोडल्याचीही असते. ज्यांना कुणी लागलेलंच धरलं नाही त्यांचं मोडलेलं कोण धरणार? ह्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मी सुतळीला आणखी भात हवा का विचारलं. नको म्हणाला.

पुढच्याच वर्षी सुतळीची इमारत विकली गेली आणि सगळ्या भाडेकरूंना दुसरीकडे जागा बघायला सांगितलं. चष्मेवाल्याने तेव्हा एकच गोष्ट मागितली. नव्या घरात झोपायची खोली एकच असेल, पलंग एकच असेल. त्याने तशी जागा बघूनही ठेवली, दुकानाच्या मागच्या गल्लीत, खिडक्या चांगल्या होत्या. सुतळी जाऊन बघून आला. जागा आवडली. पण कंपनीतले सामान लावायला येणार, ते बघणार, एकच पलंग कसा, विचारणार. भाऊजी येणार, त्यांना बसवायचं कुठे. बघू, म्हणाला. महिनाभर बघू, बघू चाललं. मग चष्मेवाल्याने त्या जागेची चावी घेतली, एकट्यासाठी. भांडण झालं नाही. आवाज चढला नाही. सुतळीने स्वतःसाठी दोन खोल्यांची वेगळी जागा घेतली आणि मला फोनवर सांगितलं, "ताई, शनिवारी सामान हलवायचंय. दोन रंग."

मी शनिवारी सकाळीच गेले. सुतळीच्या कंपनीचेच लोक आले होते, आपल्याच माणसाचं काम म्हणून खुशीत. मुकादम तर फारच खुशीत. त्यांच्या लेखी दोन सडे मित्र वेगळ्या जागा घेत होते, ह्यात कसलं दुःख. एक जण म्हणाला, आता तरी दोघं लग्नं करा, वय गेलं नाही अजून. सगळे हसले. चष्मेवालाही हसल्यासारखं करून आत गेला.

मग पट्ट्या लावायला सुरुवात झाली आणि मुकादमाची पंचाईत झाली. इस्त्री कुणाची, विचारलं तर सुतळी म्हणाला, त्याची. चष्मेवाला म्हणाला, त्याची. मोठं पातेलं कुणाचं? त्याचं. त्याचं. घड्याळ? तेच. मुकादम वैतागला. बाकीच्या घरात माझं-माझं करून डोकं उठवतात, तुमचं हे काय नवीनच, म्हणाला, आणि शेवटी वस्तू दिसेल तशा वाटून टाकल्या. दुसऱ्या खोलीतल्या पलंगाला त्याने चष्मेवाल्याचा म्हणून निळी पट्टी लावली. चष्मेवाल्याने ती सोलून काढली आणि लाल लावली. मी ओट्यापाशी उभी होते. सुतळीने पलंगाचे पाय सुतळीने एकत्र बांधले, गाठ मारली, आणि ती गाठ नीट बसली का ते पुन्हा एकदा ओढून बघितलं. त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण ट्रकवाले बघत होते, आणि मीही ह्याच घरची, बघणाऱ्यांना भिणारी.

त्यानंतर काय झालं? काहीच झालं नाही, तेच सांगतेय. लेकीच्या वेळी माणसांची रीघ लागली होती. सुतळीकडे एक कुत्रं फिरकलं नाही. मावशी म्हणाली, बरं झालं, स्वतःची जागा झाली त्याची. धाकटा चुलता म्हणाला, मित्रांबरोबर किती दिवस राहणार माणूस. कुणी सुस्कारा टाकला नाही, कुणी काय रे बाबा झालं म्हणून विचारलं नाही. एकवीस वर्षांचं घर मोडलं आणि आमच्या एवढ्या मोठ्या गोतावळ्यात त्याची खबर कुणालाच नव्हती. मला इतका संताप आला होता की दोन दिवस मी भांडी आपटत होते. हे म्हणाले, काय झालं? मी म्हटलं, काही नाही.

दोन महिन्यांनी मी त्याच्या नव्या जागेत गेले. खोकी अजून अर्धी तशीच होती, दुसऱ्यांची घरं लावणाऱ्याचं स्वतःचं घर लागलेलं नव्हतं. चेहरा उतरलेला, सदरा अंगावर लोंबत होता. पण दुसरी खोली मात्र लागली होती. पलंग, त्याच्यावर स्वच्छ चादर, उशी, पायाशी घडी घातलेलं पांघरूण. मी विचारलं, "हा कुणासाठी रे आता?"

तो म्हणाला, "तसंच लावून टाकलं. हात तसाच गेला."

मग त्याने तोंड फिरवलं. मी विचारलं, परत ये म्हणून सांगत का नाहीस त्याला? तो म्हणाला, कुठल्या तोंडाने सांगू, तो मागत होता ते मी दिलं नाही. मी म्हटलं, मग दे आता. लोक काय म्हणतील? कुठले लोक? तर म्हणाला, भाऊजी. मी कपाळाला हात लावला. आमच्या ह्यांना लोकांत धरणारा जगात तो एकटाच असेल.

घरी येताना मी ठरवून टाकलं. लेकीसाठी बैठक झाली, ह्याच्यासाठी का होऊ नये? दुसऱ्या दिवशी ह्यांना म्हटलं, सदरा घाला, चष्मेवाल्याकडे जायचंय. ह्यांना वाटलं चष्म्याचा नंबर तपासायला. वाटू दिलं.

दुकान लहान आहे. काचेच्या कपाटात फ्रेम मांडलेल्या, भिंतीवर अक्षरांचा तक्ता, मध्ये तपासायची उंच खुर्ची. चष्मेवाल्याने आम्हाला बघून लगबगीने ह्यांना त्या उंच खुर्चीवर बसवलं आणि हे पाय लोंबकळत ठेवून बसले. तोही वाळला होता. अंगातला सदरा आणि डोळ्यांवरचा चष्मा मोठा वाटत होता. मी म्हटलं, "नंबर नंतर काढा. आम्ही बैठकीला आलोय."

"कसली बैठक, ताई?"

"घर मोडलं की घरची माणसं येतात तसली."

त्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुसतच राहिला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मग म्हणाला, "एकवीस वर्षांत तुमच्याकडचं कुणी माझ्याकडे असं आलं नव्हतं. आले ते सगळे चष्म्यासाठी आले."

मग तो बोलला ते मी ऐकून घेतलं. रागाने नाही बोलला, थकून बोलला. म्हणाला, आईंसाठी मी काहीही केलं असतं, ती माऊली होती, तिच्यासाठी खोटा पलंग काय, खोटा जिना बांधला असता. पण ती गेल्यावर कुणासाठी? मी रोज सकाळी उठून त्या खोलीत जायचो आणि उशी थोडी दाबून ठेवायचो, कुणी आलंच तर कुणीतरी झोपल्यासारखी दिसावी म्हणून. पन्नाशीच्या माणसाने रोज सकाळी उशी दाबायची. कधीतरी हात थकतात, ताई. मी त्याला सोडलं नाही, मी त्या पलंगाला सोडलं. तो पलंग सुतळी घेऊन गेला.

बैठकीत समोरच्याला समजवायचं असतं आणि मला तर त्याचंच पटत होतं. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे तक्त्यावरच्या अक्षरांकडे बघत होते, मोठ्यापासून लहानापर्यंत. मला वाटलं ह्यांना अजून काही उमगलेलंच नाही.

हे तक्त्याकडे बघतच बोलले. "माझ्या जावयाकडे मी तीनदा गेलो होतो. मला तो मुलगा कधी आवडला नव्हता, तरी गेलो. तुमच्याकडे यायला आमच्याकडून उशीर झाला."

चष्मेवाला खाली मान घालून उभा राहिला. मी रस्त्याकडे बघू लागले, कारण माझेही डोळे भरून आले होते आणि मला ह्यांच्यासमोर रडायची सवय नाही. थोड्या वेळाने हे म्हणाले, आता आलोच आहे तर नंबर बघून टाका. त्याने खरंच बघितला. थोडा वाढला होता.

घरी चालत येताना मी ह्यांना विचारलं की तुम्हाला कधीपासून माहीत आहे. हे म्हणाले, आई असतानाच. एकदा दुपारी जेवण झाल्यावर सुतळीने त्यांना त्या दुसऱ्या पलंगावर आडवं व्हायला सांगितलं होतं. गादीला कुणाच्या पाठीचा खड्डाच नव्हता, म्हणाले. मग त्या दिवशी जेवताना ते आकडे कशाला वाचत बसलात, मी चिडून विचारलं.

"काळजी वाटली," म्हणाले. "टिकेल ना, असं वाटलं."

छत्तीस वर्षांत मला ह्या माणसाबद्दल नवीन काही कळेल असं वाटलं नव्हतं. रस्ता ओलांडताना मी ह्यांचा दंड धरला. गाड्या फार होत्या.

संध्याकाळी मी सुतळीच्या जागेत गेले. तो खोक्यावर बसून पाव खात होता. मी सगळं सांगितलं, उशीचंसुद्धा. उशीचं त्याला माहीत नव्हतं. घास हातातच राहिला. मग त्याने ज्याची मला खात्रीच होती तेच विचारलं, "भाऊजी खरंच आले होते?"

"त्या उंच खुर्चीवर बसले होते. पाय लोंबत होते."

"काय म्हणाले?"

मी सांगितलं. त्याने मला ते परत म्हणायला लावलं. मग तो खोक्यावरून खाली उतरला, भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसला आणि म्हणाला, "ताई, मी फार दमलोय गं." आणि रडला. लोकांची एवढी घरं फुटताना बघितलेला माणूस, त्याला धड रडताही येत नव्हतं, मध्येच खोकला येत होता. मी त्याच्याजवळ बसून राहिले. जा म्हणाले नाही, नको म्हणाले नाही. सांगायचं ते सांगून झालं होतं, आणि मीही दमले होते.

ही घरं जास्त टिकतात की ती, हे अजूनही मला विचारू नका. माझं टिकलंय, त्याचं कारण मला धड सांगता येत नाही. लेकीचं टिकलं नाही, त्याचीही सगळी कारणं मला पटलेली नाहीत. सुतळी चष्मेवाल्याकडे गेला नाही तर त्याचं मोडलं असंच मी धरणार होते. कुणीतरी धरायला हवं.

दुसरा दिवस मी फोनच्या आसपासच काढला. अंधार पडता पडता चष्मेवाल्याचा फोन आला. हळू आवाजात बोलत होता. सुतळी दुपारी दुकानात आला होता. काही बोलला नाही, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला आणि बसूनच राहिला. गिऱ्हाईकं येत होती, जात होती. चष्मेवाला आपलं काम करत राहिला. मग नेहमीच्या एक बाई चष्म्याची दांडी घट्ट करून घ्यायला आल्या. त्यांनी कोपऱ्यात बघून विचारलं, हे कोण, तुमच्याकडे कामाला का?

"मी म्हणणार होतो, मित्र," चष्मेवाला सांगत होता. "सवयीने तोंडात तेच आलं होतं. तर हा उठून उभा राहिला, ताई. त्या बाईंना म्हणाला, नाही, मी ह्यांच्या घरचा."

मी विचारलं, बाई काय म्हणाल्या.

"काय म्हणणार. बरं, म्हणाल्या. दांडी घट्ट करून घेतली आणि गेल्या." मागे लोखंडी शटर खाली येतानाचा खडखडाट ऐकू आला. "ठेवतो, ताई. तो बाहेर शटर ओढतोय. घरी जायचंय."

कुणाच्या घरी, ते मी विचारलं नाही.